जप्तीतून वाचतं ते काय?

बेलिफ दारात येतो तेव्हा त्याच्या हातात जंगम जप्तीचं वॉरंट असतं, सोबत येणेकरी संस्थेचा माणूस असतो आणि पंच म्हणून बोलावलेले दोघे असतात. फ्रीज, टीव्ही, कपाट, दारातली मोटारसायकल, एकेक वस्तू पंचनाम्यात उतरू लागते. घरातली माणसं भिंतीला टेकून उभी राहतात. आता भांड्याकुंड्यांसकट सगळंच जाणार, असं त्यांनी धरलेलं असतं.

सगळं जात नाही. कर्ज कितीही मोठं असो आणि हुकूमनामा कुठल्याही दिवाणी कोर्टाचा असो, काही वस्तूंना बेलिफाला हात लावता येत नाही. स्वयंपाकाची भांडी, गरजेपुरते कपडे, अंथरूण-पांघरूण नेता येत नाही. धर्माच्या रीतीप्रमाणे जो दागिना बाई अंगावरून उतरवत नाही तोही नेता येत नाही, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र सुरक्षित असतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात पाऊल टाकता येत नाही. हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेत १९०८ सालापासून लिहिलेलं आहे. वाचणाऱ्या वस्तूंची ही यादी संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. कर्जात बुडालेल्या माणसासाठी या देशात यापेक्षा उपयोगाचं कलम क्वचितच असेल. पण ज्यांना त्याची गरज पडते, त्यांतल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

या यादीमागे दया आहे, पण त्याहून जास्त व्यवहार आहे. सुताराचा रंधा आणि करवत विकून धनकोच्या हाती फार तर काही हजार पडतील. सुताराची मात्र त्या दिवसापासून कमाई थांबेल आणि उरलेलं कर्ज कायमचं बुडेल. म्हणून कारागिराची हत्यारं जप्तीबाहेर ठेवली आहेत. शेतकऱ्याची औतं, पोट भरण्यासाठी लागतील एवढी जनावरं आणि बियाणं जप्तीबाहेर आहे. किती जनावरं लागतील हे कोर्ट ठरवतं. मजुराची आणि घरकाम करणाऱ्याची मजुरी तर पूर्ण सुरक्षित आहे. ती पैशात मिळो की धान्यात, तिच्यातला एक रुपयाही जप्त होत नाही. इथे मजूर म्हणजे फक्त पाटी-फावडं उचलणारा नव्हे. कलमाच्या स्पष्टीकरणात कुशल आणि अर्धकुशल कामगारही धरले आहेत आणि मजुरीत बोनसही धरला आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. या प्रदेशाने त्यासाठी रस्त्यावर उतरून किंमत मोजली आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी दख्खनच्या शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यातच १८६७ पासून पुणे जिल्ह्यात शेतसाऱ्याची नवी, चढी आकारणी सुरू झाली. सावकाराने हात आखडते घेतले आणि जुन्या रोख्यांवर कोर्टातून हुकूमनामे मिळवायला सुरुवात केली. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापायी गावच्या देशमुखाचं राहतं घर पाडायला घेतलं. गाव खवळलं आणि सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं. जमाव सगळीकडे कागदच मागत होते. आपली जमीन, बैल आणि घर कुठल्या चिठोऱ्यांवर गेलं, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करून दिवाणी तुरुंगात टाकणं या कायद्याने बंद झालं. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, ती नुसत्या हातउसन्या कर्जापायी जप्त करणंही बंद झालं. रोख्यावरचा आकडा निमूटपणे खरा न मानता मुळात किती पैसे दिले गेले हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. याच कायद्याखाली महादेव गोविंद रानडे यांनी पुढे स्पेशल जज्ज म्हणून काम केलं. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत शेतकऱ्याच्या राहत्या घराचं लाकूडसामान जप्तीबाहेर असल्याचं लिहिलेलं आढळतं. १९०८ च्या संहितेत तर घर, ते उभं असलेली जागा आणि लागून असलेलं अंगण-परसू, सगळंच सुरक्षित झालं. आज ही सूट शेतकरी, मजूर आणि घरकामगार अशा तिघांच्या राहत्या घराला आहे.

शिक्षक, कारकून, दुकानदार यांच्या घराला मात्र ती नाही, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. बँकेत नोकरी करणारा माणूस गावाकडे चार एकर आहेत म्हणून शेतकरी ठरत नाही. जो स्वतः शेती करतो आणि ज्याचं पोट मुख्यतः तिच्यावर चालतं, तोच या कलमापुरता शेतकरी. दुसरी गल्लत याहून महाग पडते. कलम ६० शेतकऱ्याचं घर वाचवतं, नांगर वाचवतं, बैल वाचवतं, पण शेतजमीन वाचवत नाही. तारणावर थेट ताबा घेण्याचा बँकांचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही हे खरं आहे. पण सहकारी बँका आणि पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात आणि त्यांचा वसुली अधिकारी सातबारावर बोजा चढवून जमिनीच्या लिलावापर्यंत जाऊ शकतो. विदर्भ-मराठवाड्यात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर अशा लिलावांच्या नोटिसा छापून येतात, त्या याच वाटेने आलेल्या असतात.

पगारदाराचं गणित वेगळं आहे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. समजा, सूट असलेले भत्ते वगळून पगार ३१,००० रुपये आहे. पहिले १,००० बाजूला काढले, उरले ३०,०००. त्यांतले २०,००० सुरक्षित, म्हणजे हातात २१,००० राहतात आणि १०,००० कापले जाऊ शकतात. ही कपातही कायमची नाही. एकाच हुकूमनाम्यात एकूण २४ महिने पगार कापला गेला की त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा होतो, मग कर्ज फिटलेलं असो वा नसो. वेगवेगळ्या हुकूमनाम्यांत कपात चालू असेल, तर २४ महिन्यांनंतर १२ महिन्यांची उसंत मिळते. ही २४ महिन्यांची मर्यादा कार्यालयातल्या पगारबिलाच्या टेबलावर कोणी आपणहून सांगत नाही, आणि तीन-तीन, चार-चार वर्षं कपात चालू राहिली तरी कोणी हरकत घेत नाही. बायको-मुलांच्या पोटगीचा हुकूमनामा असेल तर सूट आकसते, पगाराचा एक तृतीयांशच वाचतो. ते योग्यही आहे, कारण तिथे समोरचा धनको सावकार नसून स्वतःचंच मूल असतं.

पतसंस्थेच्या कर्जाला ही मर्यादा आपोआप लागू होईल असं मात्र समजू नये. कर्ज घेताना मालकाने पगारातून परस्पर हप्ता कापावा असा करार सभासदाकडून लिहून घेता येतो, सहकार कायद्याच्या कलम ४९ मध्ये तशी सोय आहे. ती कपात कोर्टाच्या जप्तीतली नसते.

भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन यांना मात्र चांगलं कवच आहे. भविष्यनिर्वाह निधीला १९५२ च्या त्याच्या स्वतःच्या कायद्याने आणि ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्याने जप्तीपासून संरक्षण दिलं. निवृत्तीनंतर हा पैसा माणूस बँकेत मुदत ठेवीत ठेवतो. मग ती साधी ठेव झाली, आता ती उचलता येईल, असं बँकांचं म्हणणं असे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात हा मुद्दा निकालात काढला. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मुदत ठेवीत टाकले म्हणून त्यांचं मूळ रूप जात नाही, असं न्यायालयाने ठरवलं. घरात कोणी निवृत्त होत असेल आणि डोक्यावर जुन्या जामिनाचं ओझं असेल, तर तो पैसा वेगळ्या खात्यात, इतर पैशांत न मिसळता ठेवणं शहाणपणाचं. पैसा कुठून आला हे मग कागदावर दाखवता येतं.

आयुर्विम्याचं तसंच. स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीचे पैसे १९७६ पासून यादीत आहेत. त्याहून पक्की सोय १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्यात आहे. नवऱ्याने पॉलिसी काढताना ती बायको किंवा मुलांसाठी या कायद्याखाली आहे असं लिहून दिलं, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते आणि नवऱ्याच्या धनकोंचा तिच्यावर हक्क राहत नाही. दीडशे वर्षं जुना हा कायदा लहान उद्योजकांच्या घरात आजही कामाला येतो. फॉर्म भरताना तेवढी एक खूण करायची असते, एजंटाला विचारून ती जरूर करून घ्यावी.

आता यादीतली सगळ्यात मोठी भेग. १९७६ च्याच दुरुस्तीने कलम ६० मध्ये असं घातलं गेलं की या सुटीवर पाणी सोडणारा कुठलाही करार पोकळ आहे. म्हणजे कर्जाच्या अर्जात ‘माझी भांडीकुंडी, हत्यारं, पेन्शन जप्त करायला माझी हरकत नाही’ असं छापलेलं असलं आणि खाली सही असली, तरी ती सही कुचकामी आहे. पण तीच वस्तू गहाण टाकली तर चित्र पालटतं. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर बँकेकडे तारण असतो, तो शेतीचं अवजार आहे म्हणून वाचत नाही. सराफाकडे किंवा सोनेतारण कंपनीत ठेवलेलं मंगळसूत्र कलमाच्या आधाराने परत मागता येत नाही. बँकेला दिलेली पॉलिसी बँकेची. घरावर कर्ज काढलं की त्या घरापुरती ही यादी बहुधा गप्प बसते. सरफेसीखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि नंतर ताबा. कर्जाचं ८० टक्क्यांहून जास्त देणं फिटलेलं असेल तर हा कायदा वापरता येत नाही, एवढाच त्यात दिलासा. गरीब माणसाला तारणाशिवाय कर्ज मिळत नाही आणि तारण दिलं की कायद्याचं कवच निघून जातं, हे कायद्याचं अपयशच म्हटलं पाहिजे.

खासगी सावकाराकडे अडकलेल्यांसाठी महाराष्ट्रात आणखी एक दार आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून जमीन किंवा घर स्वतःच्या नावावर केलं असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल आणि चौकशीत तो खरोखर कर्जाचाच होता असं निघालं, तर मालमत्ता मूळ मालकाला परत देण्याचा हुकूम निघू शकतो. सुप्याला जाळलेल्या रोख्यांचे वारस अजून तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत नोंदले जात आहेत, म्हणून तर या कायद्याची गरज पडली.

हे झालं जप्तीचं. पण माणूस एका कर्जात नव्हे, चहूबाजूंनी बुडाला आणि त्याने स्वतःच कोर्टात जाऊन नादारी जाहीर करायची ठरवली तर? भारतात त्यासाठी आजही दोन जुने कायदे चालू आहेत. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांना १९०९ चा, बाकी देशाला १९२० चा. पुण्या-नागपूरचा माणूस १९२० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करतो, तिथे कलम ६० ची यादी जवळजवळ जशीच्या तशी लागू होते. मुंबईकराचा अर्ज उच्च न्यायालयात जातो, त्याची मालमत्ता ऑफिशियल असायनीच्या ताब्यात जाते आणि त्याच्याजवळ काय राहतं? हत्यारं, कपडे, अंथरुणं, भांडी आणि फर्निचर, सगळं मिळून ३०० रुपयांपर्यंत. १९०९ साली ३०० रुपयांत संसार मांडता येत होता. आज त्यात एक बऱ्यापैकी कुकर येत नाही. हा आकडा कायद्याच्या पुस्तकात इतकी वर्षं राहू देणं अक्षम्य आहे.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे बदलायचं ठरवलं होतं. तिच्या कलम ७९ मधली यादी आजच्या घराला शोभेल अशी आहे. कामासाठी लागणारी हत्यारं, पुस्तकं, वाहनं, गरजेचं फर्निचर, घरगुती उपकरणं, विमा, पेन्शन योजना आणि तारण नसलेलं एक राहतं घर तिच्यात आहे. रिक्षावाल्याची रिक्षा किंवा शिंप्याचं मशीन, त्यावर कर्ज नसेल तर, या यादीत सरळ बसतं. पण संहितेतला हा भाग अजून फक्त एका गटाला लागू आहे. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी तो १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्यांच्यासाठीच्या नियमांत दागिन्यांची मर्यादा एक लाख रुपये आहे आणि राहत्या घराची शहरात २० लाख, गावात १० लाख. पुण्या-ठाण्यात २० लाखांत कुटुंबाला पुरेल असं घर शोधून दाखवावं. मर्यादा घालायलाच हवी, नाहीतर मलबार हिलचा बंगलाही ‘एकमेव राहतं घर’ ठरेल. पण जिथे ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही इतकी खाली ठेवली, तिथे घराचं संरक्षण नावापुरतंच उरतं.

अमेरिकेत हा प्रश्न कसा हाताळला गेला तेही पाहण्यासारखं आहे. टेक्सास अमेरिकेत सामील होण्याआधीच, १८३९ साली, तिथल्या कायद्याने कर्जदार कुटुंबाला ५० एकर जमीन किंवा गावातलं राहतं घर, कामाची हत्यारं, पाच दुभत्या गाई, बैलांची जोडी किंवा घोडा, वीस डुकरं आणि वर्षाचं धान्य ठेवू दिलं होतं. १८३७ च्या मंदीत बुडालेली माणसं नव्याने उभी राहावीत, तिथे वस्ती वाढावी, हा त्यामागचा हिशेब. आजही टेक्सासमध्ये शहरातलं दहा एकरांपर्यंतचं राहतं घर, किंमत काहीही असली तरी, सर्वसाधारण धनकोंपासून वाचतं. फ्लोरिडातही किमतीला मर्यादा नाही. श्रीमंत कर्जबुडवे आधी तिकडे महागडं घर घेऊन मग दिवाळं काढू लागले, तेव्हा २००५ साली केंद्रीय कायद्याने अट घातली. अर्जाआधीच्या १,२१५ दिवसांत घेतलेल्या घराला ठरावीक रकमेपर्यंतच सूट मिळते. ह्यूस्टन-डॅलसच्या मराठी घरांनाही हेच नियम लागू आहेत. आणि तिथेही घराचे हप्ते थकले तर बँक घर घेतेच.

आपल्याकडेही चलाखीला जागा फार नाही. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकटात किंवा नाममात्र किमतीत बायकोच्या, भावाच्या नावावर केलेली मालमत्ता कोर्ट परत ओढू शकतं. बायकोचं स्त्रीधन ही गोष्ट वेगळी. ते मुळातच नवऱ्याचं नसतं, त्यामुळे त्याच्या कर्जापोटी ते जप्त झालं तर तिने स्वतः हरकत अर्ज द्यायचा असतो.

हा अर्ज देणं हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. सूट कायद्यात असली तरी कोणी मागितल्याशिवाय ती हातात पडेलच असं नाही. बेलिफ वस्तू लिहीत असताना ‘हे हत्यार माझ्या धंद्याचं आहे’, ‘हे सोनं माझं आहे’ असं पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगावं. मग दरखास्त ज्या कोर्टात चालू आहे तिथे लेखी हरकत द्यावी, लिलावाची तारीख येण्याआधी. तुरुंगाची धमकी मिळाली तर वकिलाला १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्याची आठवण करून द्यावी. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात ठरवून दिलं की नुसतं पैसे नाहीत म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, देण्याची ऐपत असून बदमाशीने टाळलं असेल तरच ते शक्य आहे. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करताच येत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा समितीकडे जावं. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो आणि तो जप्तीच्या टप्प्यावरही मिळतो.

२०१६ च्याच संहितेत अगदी तळातल्या कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाचं प्रकरण आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, पात्र कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाने अर्ज केला तर ते कर्ज माफ व्हावं, अशी त्यात तरतूद आहे. मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांत अडकलेल्या बचतगटांतल्या बाया जवळजवळ याच वर्णनात बसतात. संसदेने हे प्रकरण मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापूनही आलं. ते लागू करणारी अधिसूचना मात्र केंद्र सरकारने अजून काढलेली नाही.